वेलची घ्यायची कशी, जपायची कशी, घालायची कशी (आणि ते २००९ चं तिकीट)

टपाल खात्याने २००९ साली भारतातल्या मसाल्यांची तिकिटं काढली होती, मिरी, लवंग, दालचिनी आणि सोबत आपली हिरवी वेलची. ते तिकीट कसं मिळवायचं, कसं सांभाळायचं हे खाली सांगतेच, पण आधी डब्यातल्या वेलचीचं बघू. कारण घरोघरी तीच तऱ्हा आहे, महाग म्हणून वेलची आणायची बेताची, मग ती ठेवायची अशी की ऐन सणाला तिला वासच नाही, मग श्रीखंडात दुप्पट घालायची आणि वर म्हणायचं की हल्लीच्या वेलचीत पूर्वीसारखा दम नाही. दम असतो हो, आपणच घालवतो.

तर पहिली गोष्ट, आणि खरं सांगायचं तर एवढी एकच पाळलीत तरी अर्धं काम झालं: वेलचीची तयार पूड विकत आणू नका. वेलचीचा सगळा जीव दाण्यात असतो, सालीला वास असतो तो नावापुरता. दाण्यातलं तेल उडून जाणारं असतं, आणि साल हे त्या तेलावरचं घट्ट झाकण आहे. झाकण काढलं की वास निघाला. दाणे सोलून ठेवले तरी हळूहळू जातो, आणि पूड केली की फारच भरभर. पाकिटातली पूड कधी कुटली, सालीसकट कुटली की दाण्यांची, हे आपल्याला कळायला मार्ग नाही, आणि वजनात तिसरा हिस्सा तरी साल असते त्यामुळे सालीसकट कुटलेल्या पुडीत तुम्ही चांगले पैसे मोजून भुसा घेताय असंच म्हणायचं.

आता दुकानात. सुटी वेलची मिळत असेल तर उत्तम, कारण एक उघडून बघता येते, आणि चांगला दुकानदार स्वतःच एक दोन बोटांत दाबून फोडून पुढे करतो. वेलचीला तीन धारा असतात, नखाने एका धारेवर दाबलं की साल चर्रकन फुटते, आत पांढऱ्या पातळ पडद्यांनी केलेले तीन कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात दाणे एकमेकांना चिकटून दोन रांगांत बसलेले. एका वेलचीत पंधरा-वीस दाणे सहज निघतात. हे दाणे काळपट तपकिरी हवेत, किंचित चिकट, बोटाला वास राहिला पाहिजे. दाणे पांढरट किंवा फिके लालसर असले तर वेलची कोवळी तोडलीय. दाणे एकमेकांपासून सुटे होऊन खुळखुळत असतील, कोरडे ठणठणीत, तर माल जुना. मग एक दाणा चावायचा, आधी थंडगार झिणझिण आली पाहिजे, निलगिरीची आठवण होईल अशी (दोन्हीत सिनिओल नावाचं तेच द्रव्य असतं, म्हणून), आणि मागून गोडसर फुलासारखा वास. नुसतीच झिणझिण आणि मागून काहीच नाही, तर घेऊ नका.

रंगाबद्दल लोकांचा फार गोंधळ असतो. हिरवीगार म्हणजे चांगली, हे बरंचसं खरं आहे पण पूर्ण खरं नाही. वेलची झाडावरून तोडली की ती ओलीच असते, जवळजवळ ८० टक्के पाणी. मग मळ्यातच बंद खोलीत, भट्टीच्या गरम हवेवर ४५ ते ५५ अंशांना अठरा ते चोवीस तास वाळवतात, ओल दहा टक्क्यांच्या आत-बाहेर येईपर्यंत. आच जास्त झाली की साल पिवळी-तपकिरी पडते, उन्हात वाळवली की रंग उडतो. म्हणजे हिरवा रंग टिकलाय याचा अर्थ कोणीतरी नीट लक्ष देऊन वाळवलीय आणि माल फार जुनाही नाही. पण हिरवी आणि पोकळ अशीही वेलची असते, म्हणून फोडून बघायचीच. अगदी पोपटी, भडक, सगळ्या एकसारख्या रंगाच्या दिसल्या तर संशय घ्या. चार वेलच्या साध्या पाण्यात टाकून ठेवा, लगेच हिरवं पाणी सुटलं तर रंग मारलेला आहे. आणि मूठभर वेलची हातात चोळून बघा, पांढरी भुकटी हाताला लागली आणि दाण्याला चवही नाही, तर तेल आधीच काढून घेतलेला माल असू शकतो, वरून पावडर लावून उजळवलेला. पांढरी वेलची म्हणून जी मिळते ती वेगळी जात नाही, हीच ब्लीच केलेली असते, दिसते छान, वासाला कमी. मी घेत नाही.

आकाराचं म्हणाल तर बाजारात मिलिमीटरवर भाव असतो, ८ एमएम, ७ एमएम असं. अलेप्पी ग्रीन एक्स्ट्रा बोल्ड, बोल्ड, सुपीरियर अशा प्रती असतात आणि त्या ठरवताना नुसता आकार नाही तर एक लिटर माप भरून त्याचं वजन किती भरतं तेही बघतात, म्हणजे भरीव आहे की पोकळ ते आपोआप कळतं. (अलेप्पी म्हणजे केरळातलं आलप्पुळा, नाव पडलं ते तिथल्या व्यापारावरून, वेलची काही तिथे समुद्रकाठी पिकत नाही, ती वर इडुक्कीच्या डोंगरात.) घरच्या वापराला ८ एमएमची अजिबात गरज नाही. ती भेट द्यायला, जेवणानंतर ताटलीत ठेवायला, दिसायला. कुटायचीच आहे तर ७ एमएम भरीव घ्या, आणि चहासाठी त्याहून लहान घेतली तरी चालते फक्त फुटलेली नको. तोंड उघडलेली वेलची स्वस्त मिळते पण ती चहा सोडून कशालाही आणू नका.

मुंबईकरांना वाशीचं मसाला मार्केट आहे, लालबागची मिरची गल्ली आहे, पुण्यात रविवार पेठ, भवानी पेठ आहेच. दोघी-तिघींनी मिळून पाव किलो आणून वाटून घेतली तर भावात बराच फरक पडतो. कधी आणायची? तोडणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होते आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने चालते, कारण एका झुपक्यातली सगळी बोंडं एकदम तयार होत नाहीत, दर काही आठवड्यांनी परत परत फिरून हाताने वेचावी लागतात, आणि तेही बुंध्यापाशी जमिनीलगत वाकून. वेलचीच्या महागाईचं निम्मं कारण हेच. म्हणून दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत आणलेली वेलची नव्या मालाची असायची शक्यता जास्त. गणपतीच्या आधी घाईघाईने आणतो ती बऱ्याचदा गेल्या हंगामातली असते, आणि नेमके मोदक तेव्हाच.

भावाचा काही भरवसा नाही हे मात्र खरं. केरळात इडुक्की जिल्ह्यात पुट्टडीला आणि तामिळनाडूत बोडीनायकनूरला स्पाइसेस बोर्डाच्या (केंद्र सरकारच्या मसाला मंडळाच्या) देखरेखीखाली वेलचीचे इ-लिलाव होतात, देशभरातला भाव तिथून ठरतो. २०१८ च्या पुरात मळ्यांचं अतोनात नुकसान झालं, पुढच्या वर्षी पावसाने ओढ दिली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लिलावात किलोला ७,००० रुपयांपर्यंत बोली गेली. दोन वर्षांत तीच वेलची हजाराच्या आसपास आली. तर स्वस्त झाली म्हणून किलोभर भरून ठेवू नका, वर्षाला लागेल तेवढीच घ्या. दहा ग्रॅमच्या पुडीत साधारण चाळीस-पन्नास वेलच्या बसतात, त्यावरून आपल्या घरचा हिशोब करता येतो.

ठेवायची कशी तर अख्खी, काचेच्या बरणीत, फिरकीचं घट्ट झाकण, आणि अंधारात. स्वयंपाकघरात गॅसच्या वर जी मसाल्याची फळी असते ती दिसायला सोयीची पण वेलचीला सगळ्यात वाईट जागा, खालून वाफ आणि उष्णता दिवसभर. गोल मिसळणाच्या डब्यात तर अजिबात नको, मोहरी-हळदीचा वास लागतो आणि रोज उघडझाप. मोठी बरणी कपाटात आत ठेवायची आणि आठवड्यापुरती छोट्या डबीत काढून घ्यायची. कोकणात राहत असाल तर पावसाआधी हे काम नक्की करा, जूनमध्ये हवा ओली झाली की वेलचीची साल मऊ पडते, बोटाने दाबली की फुटत नाही नुसती चेपते, आणि मग बुरशी धरते. मऊ पडलीच तर तवा तापवा, गॅस बंद करा, मग त्यावर वेलच्या मिनिट-दोन मिनिटं परता, साल कुरकुरीत होते. भाजायच्या नाहीत. खमंग वास घरभर पसरला की आपल्याला बरं वाटतं, पण तो वास श्रीखंडात जायचा होता.

कुटताना दाणे सोलून घ्या आणि खलबत्त्यात दाण्यांबरोबर चमचाभर साखर घाला. ही आजीची युक्ती नुसती सवय नाही, साखरेचे खडे दाण्यांना घासतात म्हणून पूड बारीक होते आणि सुटलेलं तेल खलाला चिकटून वाया न जाता साखरेत मुरतं. दाणे चिकट असतात ना, नुसते कुटले तर बत्त्याला लागून बसतात. मिक्सरमध्ये करायची तर मूठभर साखर घालून थांबून थांबून फिरवा, भांडं गरम होऊ देऊ नका. अशी वेलची-साखर छोट्या डबीत आठ-पंधरा दिवस छान राहते, त्याहून जास्त करून ठेवू नये. सालपटं टाकायची नाहीत, चहाच्या पावडरीच्या डब्यात टाका किंवा दूध आटवताना सुरुवातीला घालून मग गाळून घ्या. श्रीखंडात मात्र सालीचा कण जाता कामा नये, तो बरोब्बर पाहुण्याच्याच दातात अडकतो.

आता कधी घालायची, हा खरा मुद्दा. गोडाच्या पदार्थात वेलची सगळ्यात शेवटी. बासुंदी आटत असताना वेलची घातली तर अर्धा तास तिचा वास तुमच्या शेजाऱ्यांना, बासुंदीत उरतो फक्त काळा ठिपका. गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग घाला, झाकण ठेवा. मोदकाचं सारण, शिरा, खीर सगळ्याला हेच. बेसनलाडवाचं मिश्रण कोमट झालं की साखरेबरोबर वेलची. पुरण शिजून घट्ट झालं, यंत्रातून काढलं, की मग. श्रीखंडाला गरम करायचा प्रश्नच नाही पण तिथे वेगळी गोष्ट, वेलची घालून लगेच चव बघू नका, चक्क्याला वास धरायला वेळ लागतो, रात्रभर फ्रीजमध्ये राहू दे आणि सकाळी बघा. एक किलो चक्क्याला दहा-बारा चांगल्या वेलच्या पुरतात. त्या रात्री कमी वाटल्या म्हणून आणखी चार घातल्या की दुसऱ्या दिवशी श्रीखंड औषधासारखं लागतं.

जायफळ आणि वेलची दोन्ही घालायची की एक, यावर घराघरात वाद आहेत. माझा ढोबळ नियम असा की गुळाच्या पदार्थात जायफळ पुढे आणि वेलची मागे, साखरेच्या आणि दुधाच्या पदार्थात वेलची पुढे. केशर घालणार असाल तर वेलची निम्मी करा, नाहीतर केशराचे पैसे वाया. आणि आलं-वेलची एकाच चहात मला पटत नाही, आल्याचा चहा आल्याचा असू दे. वेलचीचा चहा करायचा तर दोन कपांना एक टपोरी हिरवी वेलची सालीसकट ठेचून पाण्यातच घालायची, पाणी उकळलं की पावडर, मग दूध, आणि शेवटी दोन मिनिटं झाकून ठेवायचं. झाकण महत्त्वाचं. मूडच असेल तर अरबी पद्धतीची कॉफी करून बघा, हलकी भाजलेली कॉफी आणि त्यात भरपूर वेलची. आखाती देशात वेलचीला एवढी मागणी आहे ती या कॉफीपायी, आणि तिथे ग्वाटेमालाचा मालही भरपूर जातो. हो, सगळ्यात जास्त वेलची आता आपल्याकडे नाही, तिकडे मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात पिकते, जिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिचं नावही नव्हतं. ती चवीला वाईट असते असं नाही, पण त्याच भावात इडुक्कीची किंवा कूर्गची मिळत असेल तर मी तीच घेईन.

तिखटाच्या पदार्थात उलटं. मसालेभाताला, पुलावाला वेलची अख्खीच, सुरुवातीला तुपात. टाकण्याआधी बत्त्याने एक हलका ठोका द्या, म्हणजे वासही सुटतो आणि गरम तुपात फट्कन उडत नाही. आणि मसाला वेलची, ती काळी, मोठी, सुरकुतलेली, ती वेगळ्याच झाडाची. सिक्कीम, दार्जिलिंग, नेपाळकडे होते आणि भट्टीच्या धुरावर वाळवतात म्हणून तिला धुरकट वास. गोड्या मसाल्यात, मटणात, बिर्याणीत ती हवीच, पण हिरवी संपली म्हणून काळी खिरीत घालायला जाऊ नका. कोणी करतं का असं? करतात हो.

कुंडीत वेलची लावू का, हेही विचारतात. लावा, पण फळाची आशा ठेवू नका. ती हळद-आल्याच्या कुळातली, पश्चिम घाटातल्या दाट सावलीची, साधारण ६०० ते १,२०० मीटर उंचीवरची आणि वर्षभर ओलावा लागणारी. पुण्याच्या गच्चीत एप्रिल-मेच्या झळा तिला सोसत नाहीत. शिवाय नर्सरीत वेलची म्हणून जे रोप देतात ते पुष्कळदा वेलची नसतंच, अल्पिनिया नावाचं शोभेचं झाड असतं, त्याची पानं चुरगळली की वेलचीसारखा वास येतो म्हणून आपण फसतो. ओळखायची खूण म्हणजे फुलोरा. खऱ्या वेलचीचा तुरा पानांच्या दांड्यावर येत नाही, बुंध्यापाशी जमिनीतून वेगळा निघतो, आणि पांढऱ्या फुलाच्या पाकळीवर जांभळ्या रेघा असतात. अल्पिनियाचा फुलोरा दांड्याच्या टोकाला वर येतो.

आता तिकिटाचं. २००९ चं असल्यामुळे पोस्टाच्या खिडकीवर मिळेल अशी आशा नको. मुंबईच्या जीपीओत आणि इतर मोठ्या शहरांच्या मुख्य पोस्टात फिलाटेलिक ब्युरो असतो, तिथे नवीन निघालेली तिकिटं मिळतात आणि फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंट काढलं तर पुढची घरपोच येतात. जुन्यासाठी तिकिटांचे विक्रेते, महापेक्ससारखी प्रदर्शनं, नाहीतर ऑनलाइन. मागताना सुटं वेलचीचंच मागू नका, मसाल्यांचा अख्खा सेट मागा, सुटं शोधण्यापेक्षा तो सोपा पडतो आणि पानावर शोभतोही. सोबत फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघालं त्या दिवशीच्या शिक्क्याचं पाकीट) आणि माहितीपत्रक मिळालं तर घ्या, पत्रकात त्या मसाल्याची माहिती असते, मुलांना वाचायला बरी.

मिंट म्हणजे न वापरलेलं तिकीट घेताना मागची बाजू बघायची, हे सगळे विसरतात. गोंद सारखा आणि स्वच्छ हवा, पिवळे-तपकिरी डाग नकोत, आधी कोणी वहीत चिकटवून काढल्याची खूण नको. कडेचे दात चारही बाजूंनी शाबूत हवेत. बोटाने उचलायचं नाही, सपाट टोकाचा चिमटा मिळतो तो वापरायचा. वापरलेलं तिकीट पाकिटावर मिळालं तर ओढून काढू नका, भोवतीचा कागद ठेवून कापा, साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, आपोआप सुटून येतं, मग चित्राची बाजू खाली करून टिपकागदावर वाळवा आणि जाड पुस्तकाखाली दाबा. वहीत डिंकाने चिकटवणं, सेलोटेप, लॅमिनेशन, तिन्ही बाद. स्टॉक बुक (तिकिटं न चिकटवता पट्ट्यांत सरकवून ठेवायची वही) घ्या, उभं ठेवा, कपाटात सिलिका जेलची पुडी टाका, आणि पावसाळ्यात अधूनमधून कोरड्या दिवशी पानं उघडून हवा द्या, नाहीतर गोंद पानालाच चिकटतो.

एक गंमत म्हणजे आपल्या टपाल खात्याने वासाची तिकिटंही काढलीत, २००६ साली चंदनाचं, २००७ ला गुलाबाची, २००८ ला जास्मिनची आणि २०१७ ला कॉफीचं. वेलचीच्या तिकिटाला मात्र वास नाही, म्हणजे हुंगून बघून नकली आहे असं विक्रेत्याला म्हणू नका. आणि वास यावा म्हणून अल्बममध्ये दोन वेलच्या ठेवायची कल्पना कोणाला सुचली असेल तर ती आत्ताच सोडून द्या, दाण्यातलं तेल कागदात उतरतं आणि तो डाग काही केल्या जात नाही. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून तिकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो आधी मागवा, आणि तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर दुसरा बघा.